गाडी मिसिंग करते आणि स्कॅनरही लागत नाही: जुन्या पेट्रोल गाडीची तपासणी कुठून सुरू करायची

इंजिन मिसिंग करतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये, चेक इंजिनचा दिवा लागलाय आणि स्कॅनर लावला तर तो चालूच होत नाही. कधी चालू होतो, पण ईसीयूशी, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरशी, संपर्क होत नाही. जुन्या पेट्रोल गाडीत या दोन तक्रारी बऱ्याचदा जोडीनेच येतात. मग स्कॅनर लावायच्या सॉकेटचा, म्हणजे पोर्टचा, नाद सोडला जातो आणि अंदाजपंचे सुटे भाग बदलायला सुरुवात होते. आधी प्लग, मग कॉइल, मग इंजेक्टरची सफाई. मिसिंग असतं तिथेच राहतं.

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असू शकतं, हे आधी तपासा. ईसीयूला पुरेसा सप्लाय किंवा धड अर्थ (करंटची बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतण्याची वाट) मिळत नसेल तर तो स्कॅनरला उत्तर देत नाही, आणि स्पार्क व इंजेक्शनचं वेळापत्रकही त्याला सांभाळता येत नाही. म्हणून आधी बॅटरी आणि अर्थिंग, मग पोर्ट, आणि त्यानंतर इंजिन. पोर्ट दुरुस्त झालाच नाही तरी मिसिंग शोधता येतं. स्कॅनर कोणता सिलिंडर मिस करतोय एवढं सांगतो, का करतोय ते शेवटी हातानेच शोधावं लागतं.

हाताशी मल्टिमीटर, साध्या बल्बचा टेस्ट लॅम्प, स्पार्क टेस्टर, कॉम्प्रेशन गेज, प्लगचा पाना आणि जमल्यास गाडीचा वायरिंग डायग्राम ठेवा. एलईडीचा टेस्ट लॅम्प या कामाला चालत नाही. तो इतका कमी करंट ओढतो की एका तंतूवर लटकलेली वायरही त्याला ठणठणीत वाटते.

काम मोकळ्या हवेत करा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडण. प्लगच्या बाजूला २० ते ४० हजार व्होल्ट तयार होतात, त्यामुळे चालू इंजिनवर प्लग वायर हाताने ओढू नका. पेसमेकर असलेल्या माणसाने इग्निशनच्या जवळही जाऊ नये.

आधी बॅटरी आणि अर्थ

गाडी काही तास बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट मिळाले तर ती पूर्ण चार्ज आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जायला नको, कारण त्याखाली काही ईसीयू रीसेट होतात. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा हवा. त्याच वेळी मीटर एसी व्होल्टवर फिरवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसलं तर अल्टरनेटरचा डायोड गेलेला असण्याची दाट शक्यता आहे. असा गढूळ सप्लाय सेन्सरच्या सिग्नलमध्ये गोंधळ घालतो.

आता अर्थ. इथे ओहममध्ये मोजू नका. दहा तंतूंपैकी एकच शाबूत असलेली पट्टीसुद्धा ओहमवर शून्याच्या जवळ दिसते. करंट वाहत असताना किती व्होल्ट गळतात ते मोजायचं. इंजिन चालू करा, हेडलाइट आणि ब्लोअर लावा. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा, पण क्लॅम्पवर नव्हे, त्याच्या आतल्या शिशाच्या खांबावर. नेमका क्लॅम्प आणि खांब यांच्यामध्येच पांढरी बुरशी धरलेली असते, आणि क्लॅम्पवर प्रोब ठेवला तर तो दोष मापातून निसटतो. लाल प्रोब इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर, मग बॉडीवर, मग ईसीयूच्या अर्थ वायरवर लावा. ब्लॉकवर आणि बॉडीवर ०.१ व्होल्टपर्यंत ठीक, ०.२ च्या वर गेलं की पट्टी काढून दोन्ही टोकं घासायची. ईसीयूच्या अर्थवर ०.०५ च्या आसपास किंवा त्याहून कमी हवं. सेल्फ मारताना ब्लॉकवर अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर इंजिनची अर्थ पट्टी बाद समजा.

इंजिनची अर्थ पट्टी फारच खराब असली तर स्टार्टरचा करंट मिळेल त्या वाटेने परततो. गिअर किंवा एक्सलरेटरची केबल सेल्फ मारल्यावर गरम लागली तर मीटर न लावताच निदान झालं. पट्टी घासताना बोल्टखालचा रंग पूर्ण काढा, आवळा आणि वरून ग्रीस लावा. आधी ग्रीस लावून मग आवळण्याची सवय मोडा.

पोर्टमधलं नेमकं काय मेलंय?

सोळा पिनांचं सॉकेट दिसलं म्हणून ओबीडी-२, म्हणजे सगळ्या कंपन्यांची सामाईक तपासणी पद्धत, असेलच असं नाही. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ते सक्तीचं झालं. युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेलला २००४ पासून. त्याआधीच्या काही गाड्यांत आकार तोच, पण आतली भाषा कंपनीची स्वतःची असते. तिथे साधा स्कॅनर कधीच लागणार नाही आणि त्यात बिघाडही नाही.

सॉकेटकडे समोरून पाहिलं, रुंद बाजू वर ठेवली, की वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८ आणि खालच्या ओळीत ९ ते १६ अशा पिना येतात. कामाच्या पिना एवढ्याच:

- १६: बॅटरीचा कायमचा सप्लाय, किल्ली बंद असतानाही
- ४: बॉडीचा अर्थ, ५: सिग्नलचा अर्थ
- ७: के-लाइन, म्हणजे एका वायरची डेटा लाइन (काही गाड्यांत सोबत १५ वर एल-लाइन)
- ६ आणि १४: कॅन हाय आणि कॅन लो, म्हणजे कॅन या डेटा लाइनीच्या दोन वायरी
- २ आणि १०: जुन्या अमेरिकन गाड्यांतली जे१८५० डेटा लाइन

स्कॅनरचा दिवाच लागत नसेल तर १६ आणि ४ यांच्याकडे पाहा. पोर्टचा फ्यूज अनेक गाड्यांत सिगारेट लायटरच्या किंवा आतल्या दिव्याच्या फ्यूजबरोबर सामाईक असतो. लायटरच्या सॉकेटमध्ये नाणं पडलं किंवा स्वस्त चार्जर शॉर्ट झाला की पोर्टही सोबत जातो. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघू नका. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात, दोन्हींवर टेस्ट लॅम्प लावा. एकीकडे लागला, दुसरीकडे नाही, तर फ्यूज उडालेला. नवा घातला आणि पुन्हा उडाला तर जास्त अँपिअरचा घालू नका. लायटर सॉकेट, त्याला जोडलेली नंतरची फिटिंग आणि डॅशखाली घासलेली वायर शोधा.

फ्यूज ठीक असेल तर टेस्ट लॅम्प १६ आणि ४ मध्ये लावा. लख्ख लागला पाहिजे. मीटरवर १२ व्होल्ट पण लॅम्प मिणमिणता किंवा बंद, तर वायर कुठेतरी कुजली आहे. लॅम्पचं एक टोक १६ वर आणि दुसरं बॉडीला लावल्यावर लागतो, पण ४ ला लावल्यावर लागत नाही, तर दोष अर्थमध्ये. हेच ५ नंबरवर पण करा. टेस्ट लॅम्प फक्त १६, ४, ५ एवढ्यांवरच. डेटाच्या पिनांवर तो लावला तर ईसीयूच्या आतला भाग जळू शकतो. मीटरचा जाड प्रोबही सॉकेटमध्ये खुपसायचा नाही. आतले मादी टर्मिनल फाकतात आणि त्यानंतर पोर्टचा काँटॅक्ट कायमचा लूज होतो. सॉकेटच्या आकाराचं सुटं टर्मिनल किंवा अगदी बारीक टाचणी वापरा.

सॉकेट त्याच्या खाचेतून काढून मागूनही पाहा. वारंवार स्कॅनर खुपसून एखादी पिन मागे सरकलेली असते, किंवा काचेच्या रबरातून झिरपलेल्या पाण्याने हिरवा गंज धरलेला असतो.

दिवा लागतो पण संपर्क होत नाही, हा जास्त किचकट प्रकार. किल्ली ऑन करून चेक इंजिनचा दिवा बघा. इंजिन चालू करण्याआधी तो लागायलाच हवा. लागत नसेल आणि बल्ब ठीक असेल, तर ईसीयूला वीज पोचत नाहीये. मेन रिले, ईसीयूचे फ्यूज, अर्थ या क्रमाने शोधा. दिवा नीट लागतो, इंजिन चालतं, तरी स्कॅनर गप्प, म्हणजे ईसीयू जिवंत आहे आणि डेटाच्या लाइनीत दोष आहे.

के-लाइनच्या गाडीत स्कॅनर जोडून किल्ली ऑन केल्यावर ७ नंबरवर बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज हवं. शून्य आलं तर लाइन कुठेतरी अर्थला टेकली आहे. ही एकच वायर ईसीयू, एबीएस, इमोबिलायझर अशा अनेक मॉड्यूलना जाते आणि एकाने ती खाली खेचली की सगळेच मुके होतात. किल्ली बंद करून एकेक मॉड्यूल काढा, किल्ली ऑन करा आणि व्होल्टेज कधी परत येतं ते पाहा. मात्र एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरना मीटर किंवा लॅम्प लावायचा नाही. ते काढायची वेळ आलीच तर आधी बॅटरी सोडून गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं.

नंतर बसवलेला म्युझिक सिस्टिम इथला नेहमीचा संशयित. फोक्सवॅगन गटाच्या जुन्या गाड्यांत रेडिओच्या कनेक्टरमध्येच के-लाइन येते. बाजारातला स्टिरिओ थेट त्या कनेक्टरला जोडला की ती लाइन अडते. तपास सोपा आहे: स्टिरिओचा कनेक्टर काढा आणि स्कॅनर पुन्हा लावा. सायरन, ट्रॅकर, रिमोट लॉक यांच्या वायरीही अशाच डेटाच्या लाइनीला चिमटे मारून घेतलेल्या सापडतात.

कॅनच्या गाडीत बॅटरी सोडून ६ आणि १४ मध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास म्हणजे ठीक, कारण दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर समांतर असतात. १२० आलं तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आलं तर दोन्ही वायरी एकमेकींना टेकल्यात. काही गाड्यांत पोर्ट आणि कॅन यांच्यामध्ये गेटवे, म्हणजे डेटा पुढे पाठवणारं मॉड्यूल, असतो, तिथे हा आकडा पोर्टवर मिळत नाही.

आणखी एक कारण हमखास नजरेआड राहतं. ईसीयू सेन्सरना ५ व्होल्टचा सप्लाय देतो. थ्रॉटल, मॅनिफोल्ड प्रेशर किंवा एसी प्रेशर सेन्सर आतून शॉर्ट झाला की हे ५ व्होल्ट कोसळतात. काही ईसीयू मग स्कॅनरशी बोलणं थांबवतात आणि इंजिनही विचित्र चालतं किंवा बंद पडतं. थ्रॉटल सेन्सरच्या कनेक्टरवर मीटर लावून ठेवा आणि बाकीचे सेन्सर एकेक काढा. ज्याने ५ व्होल्ट परत आले, तो दोषी.

आणि हो, स्कॅनर दुसऱ्या चालू गाडीवर लावून बघितला का? ईएलएम३२७ या स्कॅनर चिपच्या स्वस्त नकलांमध्ये कॅन चालतं पण के-लाइन किंवा जे१८५० अर्धवट असतं. नव्या गाडीवर चालणारा तोच डोंगल जुन्या गाडीवर गप्प बसतो.

ओबीडी-२ च्या आधीच्या गाड्यांत कोड दिव्याच्या लुकलुकण्यावरून वाचता येतात. टोयोटात इंजिनजवळच्या डायग्नोस्टिक बॉक्समध्ये टीई१ आणि ई१ जोडून किल्ली ऑन करायची. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोर, डॅशखाली, दोन पिनांचा सर्व्हिस कनेक्टर असतो, त्याच्या पिना जोडायच्या. चुकीच्या पिना जोडल्या तर ईसीयू जातो, म्हणून झाकणावरची अक्षरं वाचल्याशिवाय तार घालू नका.

मिसिंग: आधी केव्हा, मग कुठे

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी पळवू नका. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळते.

मिसिंग केव्हा होतं यावरून शोध निम्म्यावर येतो. फक्त आयडलला होतं आणि रेस दिली की जातं, तर बाहेरची हवा ओढली जातेय, ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा काही वायू परत इंजिनात सोडणारा) उघडा अडकलाय किंवा कॉम्प्रेशन कमी आहे. चढावर किंवा जोरात रेस दिल्यावर होतं, तर प्लगचा गॅप, कॉइल, प्लग वायर किंवा पेट्रोलचं प्रेशर. दमट हवेत किंवा पावसात वाढतं, तर इग्निशनच. थंड असताना होतं आणि गरम झाल्यावर थांबतं, तर गळका इंजेक्टर किंवा हेड गॅस्केटमधून आत येणारं कूलंट. इंजिन तापल्यावरच सुरू होतं, तर क्रँक सेन्सर, कॉइल, किंवा घट्ट झालेला व्हॉल्व्ह.

स्कॅनर लागत असेल तर कोड आधी लिहून घ्या, पुसू नका. पी०३०० म्हणजे कुठलाही, पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या त्या सिलिंडरचं मिसिंग. सोबत पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ असल्याचा कोड, दिसला तरी लगेच हवेच्या गळतीमागे लागू नका. स्पार्क न मिळालेल्या सिलिंडरमधून ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो, ऑक्सिजन सेन्सर त्याला पातळ मिश्रण समजतो आणि ईसीयू उलट पेट्रोल वाढवतो. कोड खरा असतो, पण तो परिणाम असतो, कारण नव्हे.

स्कॅनर नसेल तर सिलिंडर असा शोधा. इंजिन आयडलला ठेवून एका इंजेक्टरचा कनेक्टर काढा, आवाज ऐका, परत लावा. चांगला सिलिंडर बंद केला की इंजिन स्पष्ट गचकतं. ज्याचा कनेक्टर काढूनही काहीच फरक पडत नाही, तो आधीच मेलेला. फरक पहिल्या क्षणालाच बघा, नंतर आयडल कंट्रोल आरपीएम सावरून घेतो. हे काम प्लग वायर काढून करण्याची जुनी रीत सोडा. उघड्यावर पडलेला स्पार्क कॉइल किंवा इग्नायटर (कॉइल चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) जाळू शकतो. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या नळ्यांचं तापमान घ्या. मेलेल्या सिलिंडरची नळी बाकीच्यांपेक्षा थंड असते.

प्लग, कॉइल, वायर

इंजिन थंड होऊ द्या. प्लगभोवतालची धूळ हवेने उडवून मगच प्लग काढा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. प्लग सिलिंडरच्या क्रमानेच ठेवा. कोरडा काळा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त किंवा स्पार्क कमजोर. पेट्रोलने ओला म्हणजे स्पार्क नाही किंवा इंजेक्टर गळतोय. तेलकट म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. पांढरा फोडाळलेला म्हणजे पातळ मिश्रण किंवा चुकीच्या हीट रेंजचा प्लग. चारांपैकी एकच वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट जातंय.

पांढऱ्या चिनी मातीवर उभी, पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसते का ते उजेडात फिरवून पाहा. ती स्पार्कने पाडलेली वाट असते. प्लगच्या टोकाशी उडण्याऐवजी ठिणगी बाहेरूनच अर्थला उतरते. तशीच रेघ रबरी बूटच्या आतही उमटलेली असते, म्हणून प्लग आणि बूट दोन्ही एकदम बदला. एकच बदललं तर जुनी रेघ नव्यावर पुन्हा वाट पाडते.

गॅप बहुतेक गाड्यांत ०.७ ते १.१ मिलिमीटर असतो, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या. ॲल्युमिनियम हेडमध्ये १४ मिलिमीटर आट्यांचा, वॉशरवाला प्लग साधारण २५ ते ३० न्यूटन मीटरला आवळतात. सुरुवातीचे आटे हातानेच फिरवा. आणि रेझिस्टर नसलेला प्लग घालू नका. त्याच्या इग्निशनच्या खरखरीने रेडिओ तर बिघडतोच, सेन्सर आणि डेटाच्या लाइनीतही गोंधळ होऊ शकतो.

प्लग वायर ओहममध्ये मोजा. साधारण ५ ते २० किलोओहम येतात, टोयोटा २५ ची मर्यादा देते. चौघींमध्ये एकच वेगळी पडली तर ती बाद. मोजताना वायर वाकवत राहा, आतला तुटका गाभा तेव्हाच आकडा हलवतो. अंधारात इंजिन चालू करून वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला तर गळणारी निळी ठिणगी दिसते.

दोन-दोन सिलिंडरना एक कॉइल असलेल्या गाडीत १ आणि ४ दोन्ही मिस करत असतील तर कॉइल संशयित. त्यांतला एकच करत असेल तर त्याची वायर किंवा प्लग. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर अदलाबदलीसारखी खात्रीची चाचणी नाही: २ ची कॉइल ३ वर, २ चा प्लग ४ वर. मग एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून पुन्हा बघा. मिसिंग ३ वर गेलं तर कॉइल, ४ वर गेलं तर प्लग, २ वरच राहिलं तर इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन. आत इग्नायटर असलेली कॉइल ओहमने तपासता येत नाही, त्यात वेळ घालवू नका.

पेट्रोल आणि हवा

बहुतेक जुने इंजेक्टर ११ ते १६ ओहमचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावली की टिकटिक ऐकू येते. टिकटिक आहे, ओहम ठीक, तरी सिलिंडर मेलेला, तर इंजेक्टर तुंबलेला असू शकतो. त्याचीही अदलाबदल करा, ओ-रिंग मात्र नव्या घाला.

रिटर्न पाइपच्या सिस्टिममध्ये आयडलला साधारण २.५ ते ३ बार प्रेशर असतं. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढल्यावर ते थोडं वाढलं पाहिजे. नळीच्या आत पेट्रोल दिसलं तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय.

हवेच्या गळतीसाठी ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्हीची नळी (इंजिनाच्या पोटातला वायू इनटेकमध्ये नेणारी) आणि इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट आधी पाहा. एकेक नळी चिमटून आयडल बदलतं का ते बघा. कार्ब क्लीनरचा फवारा गरम एक्झॉस्टवर पेट घेतो, धुराचं मशीन मिळालं तर तेच वापरा.

कॉम्प्रेशन

स्पार्क आहे, पेट्रोल आहे, तरी सिलिंडर मेलेला, तर गेज लावा. चारही प्लग काढा, इग्निशन आणि इंजेक्टर दोन्हींचे कनेक्टर काढून ठेवा, एक्सलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि सुई चढायची थांबेपर्यंत, साधारण पाच-सहा फेरे, सेल्फ मारा. पेट्रोल इंजिनात बहुधा १० ते १४ बार येतं. सिलिंडरांमधला फरक १५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर काळजीचं. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर, इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग झिजल्यात. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी असतील तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट. चौघेही सारखेच कमी असतील तर टायमिंग बेल्टचा दात सुटला आहे का ते पाहा.

गॅस किट लावलेल्या गाडीत व्हॉल्व्हची सीट लवकर झिजते, व्हॉल्व्हचा क्लिअरन्स (मोकळी फट) संपतो आणि तापलेल्या इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. थंड इंजिनावर कॉम्प्रेशन ठीक आणि गरमवर कमी, असं आलं तर हेड उघडण्याआधी क्लिअरन्स मोजा. मिसिंग फक्त गॅसवर होतं आणि पेट्रोलवर नाही, तर गॅस किटचे इंजेक्टर आणि कमजोर स्पार्क बघा. गॅसचं मिश्रण पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे थकलेली कॉइल आधी गॅसवरच उघडी पडते.

दुरुस्तीनंतर

कोड पुसून गाडी थंड अवस्थेपासून चालवा, आयडलला ठेवा, चढावर न्या, आणि पुन्हा वाचा. बॅटरी सोडून कोड पुसू नका, ईसीयूने शिकलेलं आयडल आणि काही गाड्यांत रेडिओचा कोडही जातो. मिसिंग जाऊनही इंजिनाला वर रेस मिळत नसेल, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलाय का ते तपासा: व्हॅक्यूम गेज लावून २,५०० आरपीएमवर इंजिन धरा, सुई हळूहळू खाली येत गेली तर एक्झॉस्ट अडलाय. बरेच दिवस मिसिंगवर चाललेल्या गाडीत न जळलेलं पेट्रोल रिंगवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल किंवा ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर पुढची सर्व्हिस यायची वाट न बघता ऑइल आणि फिल्टर बदलून टाका.